दोन क्रेटची उंची

आमच्या शेडमध्ये बसणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. चोरीला एक वेळ माफी आहे. मागच्या वर्षी एकीने गमबुटात मूठभर कोळंबी लपवून नेली होती. ती सापडली, रडली, आणि आठ दिवसांनी तिला परत कामावर घेतलं. पण सोलता सोलता कुणी टेबलाला टेकलेली दिसली, तर मुकादमबाई शेडच्या दुसऱ्या टोकाहून ओरडते, "काय गं, पाय गहाण ठेवलेत का?" भिंतीवर लाल अक्षरांत पाटी आहे: कामाच्या वेळी बसू नये. स्टुलांच्या पायांना घाण चिकटते आणि माल खराब होतो, असं कंपनीचं म्हणणं. चाळीस बायकांच्या ऐंशी गमबुटांना ती चिकटत नसावी.

या शेडमध्ये खुर्ची एकच, आणि ती माझी. मी वजनवाली. बायका सोललेली कोळंबी टोपलीत घालून आणतात, मी ती काट्यावर ठेवते आणि आकडा वहीत त्या बाईच्या नंबरापुढे लिहिते. लिहायचं म्हणजे बसायला हवं, म्हणून खुर्ची. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माझी शाळा दहावीपर्यंत झाली आणि अक्षर बरं आहे, एवढंच.

माझ्या जाऊबाई मात्र सोलणाऱ्या. नंबर सतरा. बावीस वर्षं त्या स्टीलच्या टेबलाशी उभ्या होत्या, पायाखाली ओलं सिमेंट आणि हाताखाली बर्फाचं पाणी. डोकं खुडायचं, पाठीवर नखाने चीर द्यायची, साल एका झटक्यात काढायची, काळा दोरा ओढायचा, पुढची उचलायची. त्यांच्या हातात आलेल्या कोळंबीला आपण कधी सोललो गेलो हे कळतसुद्धा नसेल. साली टेबलाच्या फटीतून खाली निळ्या पिंपात पडत. संध्याकाळी ती पिंपं एका ट्रकमध्ये चढत आणि ट्रक जाई पावडरच्या कारखान्यात. तिथे सालींचं काय करतात, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. वास गेला, की झालं.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. खाली मी, माझा नवरा आणि स्वयंपाकघर. वरच्या खोलीत जाऊबाई आणि त्यांची मुलगी. थोरले दीर गेल्याला सात वर्षं झाली. चूल एकच आहे. चूल एक असली की भांडणंही एकाच जागी होतात, शोधत फिरावं लागत नाही. वर जायला अकरा पायऱ्या आहेत. मागच्या हिवाळ्यापासून जाऊबाई त्या पायऱ्या एकेक करून चढायला लागल्या, लहान मूल चढतं तशा, दोन्ही पाय एका पायरीवर आणून. विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही गं, पाय आखडलाय." पाय सहा महिने आखडलेला राहिला, तेव्हा मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले, वाकवून पाहिले, फोटो काढायला लावला. मग तो फोटो उजेडासमोर धरून म्हणाल्या, "गुडघ्यातली गादी झिजलीये. दोन्ही. उजवा जास्त."

"आता?" जाऊबाई म्हणाल्या.

"मांडीचे व्यायाम सांगते, ते रोज करायचे. वजन थोडं उतरवा. दुखलं तर ही गोळी, पण रोज उठून खायची नाही. आणि सिमेंटवर तासन् तास उभं राहायचं नाही."

"उभं न राहता सोलू कशी?"

"बसून."

जाऊबाई हसल्या. डॉक्टरीणबाईंना त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

खरी भीती वेगळी होती. आमच्याकडे दर वर्षाच्या शेवटी पुढच्या वर्षाचं पत्र मिळतं. ज्या बाईला आठ तास उभं राहता येत नाही, तिचं पत्र येत नाही. कुणी तोंडाने काही बोलत नाही, नुसतं पत्र येत नाही. जाऊबाई चोपन्न वर्षांच्या. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं अजून बाकी. त्या पत्रावर त्यांचं सगळं अडलेलं होतं आणि ते पत्र त्यांच्या गुडघ्यांवर.

दवाखान्याशेजारच्या औषधवाल्याने आमचा चेहरा पाहून आपणहून एक बाटली काउंटरवर ठेवली. सांधेदुखीवर, म्हणाला, पुष्कळ लोक नेतात. घरी आल्यावर पुतणीने बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून तयार केलेली कॅप्सूल.

"काय म्हणालीस? परत वाच," जाऊबाई म्हणाल्या.

तिने परत वाचलं.

"अगं म्हणजे ही आमचीच सालं!" जाऊबाईंनी बाटली हातात घेऊन हलवली. "बावीस वर्षं पिंपात टाकतेय ती. तिकडे जाऊन बाटलीत बसून परत आमच्याकडेच आली."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्यांनी आधी दोन प्रश्न केले. कोळंबी-खेकडा खाऊन कधी अंगावर पुरळ किंवा घशाला सूज आली होती का, आणि रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का. दोन्ही नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग घेऊ देत तीन महिने. काहींना बरं वाटतं. तपासून पाहिलं तेव्हा कधी थोडा फरक दिसला, कधी काहीच नाही. झिजलेली गादी त्याने भरून येईल असं मात्र समजू नका. व्यायाम सोडायचे नाहीत." मी हे सगळं जाऊबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यातलं "काहींना बरं वाटतं" तेवढं त्यांनी ऐकलं.

त्याच आठवड्यात सहा नंबरच्या टेबलाच्या टोकावरची मुलगी काम सोडून गेली, आणि ती जागा जाऊबाईंना मिळाली. ती जागा माझ्या काट्याला लागून. एका बाजूला बर्फाची पेटी, दुसऱ्या बाजूला काटा आणि मी. मधल्या बोळात काय चाललंय ते शेडमध्ये कुणाला दिसत नाही. माझ्या पाठीमागे रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट पडलेले असतात. मी त्यातले दोन उपडे करून एकावर एक ठेवले, वर पोत्याची घडी टाकली, आणि पायाने जाऊबाईंच्या मागे सरकवले.

"हे काय?" त्या मान न वळवता म्हणाल्या.

"टेका."

"वेडी आहेस का? बघेल ती."

"मी बघते ती बघतेय का."

एका क्रेटवर बसलं तर टेबल गळ्याशी येतं, तीन घेतले तर पाय लोंबकळतात. दोन बरोबर. अर्धं बसणं, अर्धं उभं राहणं. पाय जमिनीला टेकलेले, कोपर टेबलाच्या वर, आणि पुढून लांब रबरी एप्रन, त्यामुळे बाई उभी आहे की बसलीये हे चार हातांवरूनही कळत नाही. मुकादमबाई आमच्या बाजूला वळली की मी पेनने काट्याच्या ताटावर दोनदा टकटक करायची. जाऊबाई उठायच्या. ती गेली की परत टेकायच्या. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हा आमचा खेळ चाले. माझ्या पेनांची टोकं त्या काळात फार मोडली.

महिन्याभरात जाऊबाई जिना नीट चढायला लागल्या. दोन महिन्यांनी तर एक पाऊल एका पायरीवर, कठड्याला हात न लावता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शेडमध्ये बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही. जेवणाच्या सुट्टीत चार जणी भोवती जमल्या.

"मावशी, काय केलंत हो? पळायलाच लागलात."

आता जाऊबाई काय सांगणार? क्रेटचं नाव काढलं तर दुसऱ्या दिवशी क्रेट गेला, आणि कदाचित माझी खुर्चीही. त्यांनी खिशातून बाटली काढली. "ही घेते रोज. आपल्याच सालींची आहे."

तिथवर ठीक होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं. पण एकच गोष्ट दिवसातून दहा जणींना सांगितली की सांगणाराही ती ऐकत असतो. बघता बघता जाऊबाईंचाच त्यावर विश्वास बसला. घरी मला सांगायला लागल्या, "तुझा क्रेट आहे गं, पण क्रेट म्हणजे घटकाभर विसावा. औषध ते औषध." मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. त्या म्हणाल्या, "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही." मग दोन दिवस आमच्या चुलीशी फक्त भांडी बोलत होती.

शेडमध्ये गोळीची साथच आली. ज्यांना जमलं त्यांनी बाटली आणली. चार नंबरच्या टेबलावरच्या एकीला वाटलं, सालं तर आपल्या पायाखालीच आहेत, बाटली कशाला. तिने पिशवीभर सालं घरी नेली, धुतली, गच्चीवर वाळत घातली. आळीतली सगळी मांजरं गच्चीवर राहायला आली. उरलेली तिने मिक्सरमधून काढली आणि दोन चमचे कोमट पाण्यातून घेतली. तिसऱ्या दिवशी पोट धरून कामावर आली. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली, "गुडघा कुठला आठवतोय आता." मिक्सर मात्र कायमचा गेला. कारखान्यात त्या सालींवर काय काय प्रक्रिया होत असतील, त्याला घरचा मिक्सर पुरतो होय! पण बावीस-बावीस वर्षं साल हाताळलेल्या बायकांना साल म्हणजे आपलीच वस्तू वाटते. बाहेरच्या माणसाच्या डोक्यात हे कधी आलं नसतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वर्षाच्या सुरुवातीला चाळीस बायकांनी सह्या करून कंपनीला एक अर्ज दिला होता. टेबलाशी टेकायला स्टुलं द्या, एवढीच मागणी. अर्ज मीच लिहिला होता, अक्षर बरं म्हणून. मॅनेजर त्या अर्जावर नऊ महिने बसला होता. आमच्या कंपनीत बसायची परवानगी असलेला तो दुसरा.

गोळीची बातमी त्याच्या कानावर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. एका सकाळी त्याने आम्हाला बर्फाच्या खोलीसमोर गोळा केलं. कंपनी प्रत्येक बाईला दर महिन्याला एक बाटली फुकट देणार, म्हणाला. बाटल्या देणार होता पावडरचा कारखाना, आपली सालं तिथे जातात म्हणून. आयजीच्या जिवावर बायजी उदार. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "आपल्याच एका भगिनीचे गुडघे आठ तास उभ्याने काम करूनही बरे झाले आहेत. तेव्हा स्टुलांचा विषय आता संपला असं मी समजतो." काही बायकांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या, हात वाजतच होते म्हणून.

नंतर त्याने जाऊबाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी वही द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेले. पुढच्या सोमवारी माल घेणाऱ्या कंपनीची माणसं शेड बघायला येणार होती. त्यांच्यासमोर जाऊबाईंनी माइकवर चार वाक्यं बोलायची. मी आठ तास उभी राहून काम करते. मी ही गोळी घेते. मला काही त्रास नाही. कंपनी आमची काळजी घेते.

"तुमच्यासारख्या अनुभवी बायकांची कंपनीला गरज आहे, मावशी," तो म्हणाला आणि टेबलाच्या खणातून एक लिफाफा काढून वर ठेवला. "तुमचं पुढच्या वर्षाचं पत्र. सही करून तयार आहे. सोमवारी कार्यक्रम झाला की देतो."

त्या संध्याकाळी घरी जाऊबाई खुशीत होत्या. चार वाक्यं पाठ करत कांदा चिरत होत्या. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली होती. अर्ज मी लिहिला होता, आणि तो बुडवायला मीच ठेवलेले दोन क्रेट कामाला आले होते.

"ताई, सोमवारपर्यंत क्रेट काढते," मी म्हटलं. "चार दिवस आहेत. गोळी चालू ठेवा."

विळी थांबली. "का?"

"गोळीने बरं वाटतंय ना? मग क्रेट कशाला हवा?"

"तुझं काय जातंय बोलायला? तू दिवसभर खुर्चीत बसून असतेस."

"म्हणून तर कळतं मला, बसलं की काय होतं ते."

त्यांनी उरलेला कांदा चिरून टाकला. मग म्हणाल्या, "काढ. बघूच."

बुधवारी मी क्रेट मागे नेऊन ढिगात टाकले. पहिला दिवस त्यांनी हसत काढला. जाताना मला ऐकू जाईल असं म्हणाल्याही, "औषध ते औषध." गुरुवारी दुपारनंतर त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या. टकटक करायची गरज नव्हती, तरी सवयीने माझं पेन दोनदा काट्यावर वाजलं, आणि त्यांनी मागे वळून रिकाम्या जागेकडे पाहिलं. शुक्रवारी उजवा गुडघा सुजला. शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. वरून काही आवाज येईना म्हणून जिन्याकडे गेले. जाऊबाई तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. गोळी त्यांनी चारही दिवस न चुकता घेतली होती, पुतणी साक्षीला होती.

मी त्यांच्या शेजारी बसले. जिंकल्याचा आनंद मला झाला नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

"नाही बोलत."

मग त्याच म्हणाल्या, "त्या चार नंबरवालीने माझ्यामुळे पोट बिघडवून घेतलं."

"आणि मिक्सर."

"आणि मिक्सर." त्यांना हसू आलं नाही. "चाळीस जणी टाळ्या वाजवत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून वाजवत होत्या गं त्या."

"सोमवारी आजारी पडा," मी म्हटलं. "सुट्टी टाका. पत्राचं नंतर बघू."

"आजारी पडले तर पत्र कसलं?" त्या कठड्याला धरून उठल्या. "जा तू, भात लागेल."

सोमवारी पाहुणे आले. तिघे होते, त्यातल्या एका बाईच्या हातात वही. शेडमधलं पाणी बंद केलं होतं, त्यामुळे बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिथे शांतता होती. मॅनेजरने माइक जाऊबाईंच्या हातात दिला. त्यांच्या नव्या पांढऱ्या टोपीला अजून घडीच्या खुणा होत्या.

"मी सतरा नंबर," जाऊबाई म्हणाल्या. आवाज पत्र्यावर आपटून परत आला, तशा त्या दचकल्या. मग माइक जरा लांब धरला. "मी ही गोळी घेते. आपल्या सालींचीच आहे. तीन महिने होत आले. गोळी वाईट नाही. पोटाला काही झालं नाही. कुणाला गुण येत असेल तर घ्यावी."

मॅनेजर मान डोलावत होता.

"पण माझे गुडघे गोळीने बरे झाले नाहीत. मी बसत होते. दोन क्रेट एकावर एक ठेवून, अडीच महिने बसून सोलत होते. गेल्या बुधवारपासून उभी आहे, तर काल घरचा जिना चढायला मला पोरीने हात दिला. गोळी चालूच आहे." त्यांनी बायकांकडे पाहिलं. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. क्रेट जाईल म्हणून सांगितलं, मग मलाही ते खरं वाटायला लागलं. माझं चुकलं."

मॅनेजर पुढे झाला, पण माइक काढून घ्यायचा कसा हे पाहुण्यांसमोर त्याला सुचेना. "म्हणजे अडीच महिने तुम्ही काम कमी केलंत, मावशी," तो हसून म्हणाला.

"वही बघा, साहेब."

वही माझ्याकडे होती. पाहुण्यांतल्या बाईने हात पुढे केला. मी सतरा नंबरचं पान काढून दिलं. आधीचे महिने आणि क्रेटवरचे महिने शेजारी शेजारी होते. बसून त्यांचं काम कमी झालं नव्हतं, दर दिवशी टोपलीभर वाढलं होतं. मीच लिहिलेले आकडे होते आणि माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. त्या बाईने ते आपल्या वहीत उतरवून घेतले.

"क्रेट कुणी दिले तुम्हाला?" मॅनेजरने विचारलं. आता तो हसत नव्हता.

मी वही छातीशी धरून उभी होते. तोंड उघडलं होतं, हेही खरं.

"मीच उचलले," जाऊबाई म्हणाल्या. "वजनवालीचं सगळं लक्ष काट्यावर. तिला काय दिसतंय मागचं?"

मी तोंड मिटलं. एका घरातल्या दोघींचं काम एकाच दिवशी जायला नको, हे मला त्या क्षणी सुचलं, आणि ते बरोबरही होतं. तरी मला त्याची लाज वाटते. चाळीस बायका तिथे होत्या. माझी पेनं कशी मोडतात हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक असणार. एकही बोलली नाही. मग चार नंबरवालीने टाळी वाजवली, एकटीनेच, आणि मग सगळ्यांनी.

जाऊबाईंचं पत्र आलं नाही. नियमभंग, असं कारण या वेळी चक्क लिहून दिलं. बाटल्या दोन महिने वाटल्या, मग कारखान्याने हात आखडता घेतला. आणि चार महिन्यांनी, माल घेणाऱ्या कंपनीकडून काहीतरी कागद आल्यावर, मॅनेजरने एका वेल्डरला बोलावलं. स्टीलची स्टुलं, पाय गुळगुळीत, पाणी मारून धुता येतील अशी. सध्या दहा, पाळीपाळीने वापरायची. वेल्डर टेप घेऊन शेडमध्ये आला आणि मुकादमबाईला विचारलं, "उंची किती ठेवू?" तिने खांदे उडवले. ती कधी बसलीच नव्हती. मी खुर्चीवरून उठले, मागच्या ढिगातून दोन क्रेट आणले, उपडे करून एकावर एक ठेवले आणि त्याला म्हटलं, "एवढी. एक बोटही कमी-जास्त नको."

जाऊबाई आता घरीच असतात. एका खानावळीचा लसूण सोलून देतात. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून, पाय खाली टेकवून. बावीस वर्षांची सवय, हात काही थांबत नाहीत. व्यायाम करतात, जिना बरा चढतात. मुलगी सुट्टीच्या दिवशी कामाला जाते. ओढाताण आहे, नाही असं नाही. गोळीच्या बाटलीत सध्या सुया ठेवल्या आहेत.

ज्या दिवशी स्टुलं आली त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं. त्यांनी लसणाची पाकळी हातात तशीच धरली.

"पाय टेकतात का जमिनीला?"

"टेकतात."

"कोपर टेबलाच्या वर येतं?"

"येतं. दोन क्रेटचीच उंची आहे."

त्यांनी मान हलवली आणि पाकळी सोलली. मी त्यांच्यासमोर बसले होते. चार महिने जे गिळत होते ते बाहेर आलं. "ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. क्रेट मी दिले होते."

"बोलली असतीस, तर तुलाही काढलं असतं," त्या म्हणाल्या. "मग त्या वेल्डरला उंची कुणी सांगितली असती?"

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि लसणाचे दोन गड्डे माझ्यापुढे सरकवले.

"बसलीच आहेस तर एवढे सोल," त्या म्हणाल्या.